फ्रँकलिनची १८४५ची ध्रुवीय मोहीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या सागरी सफरींबद्दल वाचक बरंच काही विचारतात, पण बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच मोहिमेपाशी येतात: दोन जहाजं, १२९ माणसं आणि परत कोणीच नाही. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ही मोहीम नेमकी कोणती? थोडक्यात सांगाल का?

१९ मे १८४५ रोजी थेम्स नदीवरच्या ग्रीनहाइथहून ब्रिटिश आरमाराची ‘इरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं निघाली. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांमधून वाट काढून पॅसिफिक महासागरात उतरायचं, हे काम त्यांना दिलं होतं. मोहिमेचा प्रमुख होता सर जॉन फ्रँकलिन. ‘टेरर’चा कप्तान होता आयर्लंडचा फ्रान्सिस क्रोझियर आणि ‘इरेबस’वर फ्रँकलिनच्या हाताखाली होता जेम्स फिट्झजेम्स. जुलैच्या अखेरीस बॅफिनच्या उपसागरात देवमासे मारणाऱ्या दोन जहाजांना ही मंडळी दिसली. त्यानंतर कुठल्याही युरोपीय माणसाने त्यांना जिवंत पाहिलं नाही. त्या बेटांवरच्या मूळ रहिवासी इनुइट लोकांनी मात्र पाहिलं, आणि या सगळ्या कहाणीत ते विसरून चालत नाही.

२. वायव्य मार्ग म्हणजे काय, आणि त्यासाठी एवढा आटापिटा कशाला?

अटलांटिकमधून कॅनडाच्या डोक्यावरून पॅसिफिकमध्ये जाणारी समुद्रवाट म्हणजे वायव्य मार्ग. आफ्रिकेला किंवा दक्षिण अमेरिकेला वळसा न घालता चीन आणि हिंदुस्थानपर्यंत पोहोचता येईल, या आशेने युरोपीय लोक सोळाव्या शतकापासून ही वाट शोधत होते.

पण १८४५ मध्ये व्यापाराची आशा जवळजवळ संपलेली होती. वाट सापडली तरी ती बर्फाने इतकी भरलेली असणार की मालाची जहाजं तिथून जाणार नाहीत, हे आरमाराला कळून चुकलं होतं. खरं कारण वेगळं होतं. १८१५ मध्ये नेपोलियनबरोबरची युद्धं संपली आणि शेकडो अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसले. आरमार खात्याचा सचिव जॉन बॅरो याने या रिकाम्या हातांना उत्तरेचं काम लावून दिलं. १८१९ मध्ये विल्यम पॅरी लँकेस्टर सामुद्रधुनीतून पश्चिमेला मेलव्हिल बेटापर्यंत पोहोचला आणि ५,००० पौंडांचं सरकारी बक्षीस घेऊन आला. पुढची पंचवीस वर्षं नकाशावरचे कोरे भाग हळूहळू भरत गेले. १८४५ मध्ये मधला काहीशे मैलांचा तुकडा तेवढा उरला होता, आणि तो आता एका उन्हाळ्यात जोडून टाकू अशी सगळ्यांची खात्री होती.

३. त्यांना उत्तर ध्रुवावर जायचं होतं का?

नाही. ही गफलत फार वेळा होते. ध्रुव त्यांच्या वाटेपासून कितीतरी उत्तरेला होता. होकायंत्राची सुई जिकडे वळते तो चुंबकीय ध्रुव मात्र त्या काळी याच बेटांच्या परिसरात होता. जेम्स क्लार्क रॉसने १ जून १८३१ रोजी त्याची जागा निश्चित केली होती. चुंबकीय नोंदी घेणं हे फ्रँकलिनच्या मोहिमेचंही एक काम होतं.

४. फ्रँकलिन एकोणसाठ वर्षांचा होता. त्यालाच का पाठवलं?

पहिली पसंती तो नव्हताच. अंटार्क्टिकाहून नुकत्याच परतलेल्या जेम्स क्लार्क रॉसने नकार दिला आणि बॅरोच्या मनात तरुण फिट्झजेम्स होता. पण फ्रँकलिनच्या नावाला वजन होतं. १७८६ चा जन्म, ट्रफाल्गरच्या लढाईत ‘बेलेरोफॉन’वर हजर, कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर जमिनीवरून दोन मोहिमा आणि नंतर टास्मानियाचा गव्हर्नर. टास्मानियातली कारकीर्द कटू भांडणात संपली होती. त्यानंतर त्याला आणि त्याची पत्नी लेडी जेन हिला मानाने परतण्यासाठी काहीतरी हवं होतं.

त्याची पहिली जमिनीवरची मोहीम (१८१९ ते १८२२) मुळात आपत्तीच होती. वीसपैकी अकरा माणसं मेली आणि उरलेल्यांनी दगडफूल आणि बुटांचं चामडं खाऊन दिवस काढले. ‘स्वतःचे बूट खाल्लेला माणूस’ म्हणून तो इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाला. माझ्या मते त्या लोकप्रियतेनेच घात केला. उपासमारीतून निभावून आला याचं कौतुक झालं, पण तिथल्या लोकांनी खायला घातलं म्हणून तो वाचला, हा धडा कोणी घेतला नाही. येलोनाइव्ह्ज जमातीचा मुखिया अकाइचो याच्या माणसांनी अन्न आणलं नसतं तर १८२१ मध्येच त्याचा शेवट झाला असता.

५. जहाजं साधी शिडाची होती की वाफेवरची?

दोन्ही. मुळात ती तोफगोळे डागणारी शिडाची जहाजं होती. उखळी तोफांचा धक्का सोसावा म्हणून त्यांची बांधणी फार भक्कम असे, आणि बर्फात तीच कामी येते. ‘टेरर’ १८१३ मध्ये पाण्यात उतरली होती आणि १८१४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरवरच्या माऱ्यात ती सामील होती. ‘इरेबस’ १८२६ची. १८३९ ते १८४३ या काळात रॉसने हीच जोडी अंटार्क्टिकाला नेली. रॉस समुद्राकाठच्या दोन पर्वतांना माउंट इरेबस आणि माउंट टेरर ही नावं याच जहाजांवरून पडली. पैकी इरेबस आजही जागा ज्वालामुखी आहे. ‘टेरर’चा कप्तान तेव्हाही क्रोझियरच होता. १८४२ च्या मार्चमध्ये एका हिमनगाला चुकवताना दोन्ही जहाजं एकमेकांवर आदळली आणि थोडक्यात बचावली.

१८४५ मध्ये नाळेवर लोखंडी पत्रे ठोकले, गरम पाण्याचे नळ फिरवले आणि रेल्वेची जुनी इंजिनं पोटात बसवून वर उचलून घेता येईल असा पंखा मागे जोडला. इंजिनाची ताकद सुमारे २५ अश्वशक्ती आणि वेग ताशी चार नॉटच्या आसपास. कोळसाही मोजकाच. मोकळ्या पाण्यात वारा पडला तर उपयोग, पण बर्फाची भिंत फोडणं त्या इंजिनांच्या आवाक्यात नव्हतं.

६. बरोबर खायला काय होतं?

तीन वर्षांचा शिधा. पीठ, बिस्किटं, खारवलेलं मांस, चहा, चार टनांहून अधिक चॉकलेट, दारू, तंबाखू, आणि शिवाय मांस, सूप व भाज्यांचे सुमारे ८,००० पत्र्याचे डबे. डब्यांचं कंत्राट स्टीफन गोल्डनर नावाच्या पुरवठादाराला मिळालं ते निघण्याच्या जेमतेम सात आठवडे आधी. काम घाईत उरकलं गेलं आणि डब्यांच्या सांध्यांवर शिशाचा डाख ओबडधोबड बसला. त्याचा परिणाम किती झाला यावर वाद आहे (प्रश्न १२).

क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्ही या रोगावर उतारा म्हणून लिंबाचा रस होता. तो रोज प्रत्येकाला पाजला जाई. पण साठवलेल्या रसातलं क जीवनसत्त्व महिन्यागणिक कमी होत जातं. क जीवनसत्त्व ही चीजच तेव्हा कोणाला माहीत नव्हती, त्यामुळे तिसऱ्या वर्षी आपण जवळजवळ नुसतं आंबट पाणी पितो आहोत हे कळण्याचा मार्ग नव्हता.

७. हिवाळ्यात सहा महिने रात्र असे का? ते दिवस कसे काढत?

सलग सहा महिने अंधार फक्त ध्रुवावर. पहिला हिवाळा त्यांनी बीची बेटाजवळ काढला. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सूर्य उगवत नाही. जहाज बर्फात गोठवून घ्यायचं, डेकवर ताडपत्रीचं छप्पर घालायचं, बाजूंना बर्फाचे बांध रचायचे आणि आत दिनक्रम काटेकोर पाळायचा, ही पद्धत पॅरीने बसवून दिली होती. नाटकं होत, खलाशांना लिहाय-वाचायला शिकवत. फ्रँकलिनच्या प्रत्येक जहाजावर हजाराहून अधिक पुस्तकं आणि पन्नास चाली वाजवणारा हाताने फिरवायचा ऑर्गन होता. सोबत एक कुत्रा आणि एक माकडही होतं.

८. मग नेमकं झालं काय?

लेखी पुरावा म्हणजे आरमाराच्या छापील अर्जावर लिहिलेली एकच चिठ्ठी. किंग विल्यम बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, दगडांच्या राशीपाशी एका पत्र्याच्या नळीत ठेवलेली ती चिठ्ठी १८५९ मध्ये शोधमोहिमेतल्या लेफ्टनंट हॉब्सनला सापडली. तिच्यावर दोन वेळा लिहिलेलं आहे.

पहिला मजकूर २८ मे १८४७ चा. लेफ्टनंट ग्रॅहम गोर आणि त्याचे साथीदार जहाजावरून उतरून आले होते. त्यांनी लिहिलं: पहिल्या वर्षी वेलिंग्टन खाडीतून ७७ अंश उत्तरेपर्यंत जाऊन कॉर्नवॉलिस बेटाला फेरी मारली, बीचीला हिवाळा काढला, आता जहाजं बर्फात आहेत, सगळं ठीक आहे.

दुसरा मजकूर अकरा महिन्यांनंतरचा, २५ एप्रिल १८४८ चा. तो जागा नव्हती म्हणून त्याच कागदाच्या कडेने, फिरवून फिरवून लिहिलेला आहे. अक्षर फिट्झजेम्सचं, शेवटची भर क्रोझियरची. जहाजं १२ सप्टेंबर १८४६ पासून अडकलेली होती. १८४७ च्या उन्हाळ्यात बर्फ सुटलाच नाही. फ्रँकलिन ११ जून १८४७ ला वारला. ‘सगळं ठीक’ लिहिणारा गोरही तोवर गेला होता. एकूण ९ अधिकारी आणि १५ खलाशी मेले होते. २२ एप्रिलला जहाजं सोडली, १०५ माणसं किनाऱ्यावर आली, आणि उद्या, २६ तारखेला, बॅक नदीकडे निघणार.

त्यापुढचं सगळं हाडांवरून, वस्तूंवरून आणि इनुइट लोकांच्या सांगण्यावरून जुळवलेलं आहे. माणसं जड नावा स्लेजवर लादून स्वतः ओढत दक्षिणेला गेली आणि वाटेत गटागटाने मरत गेली. काही जण बॅक नदीच्या मुखाजवळ, मुख्य भूमीवर पोहोचले. तिथून पुढे कोणी गेल्याचा पुरावा नाही.

कोड्यात टाकणारी एक गोष्ट. १८५९ मध्ये सापडलेल्या एका नावेत दोन सांगाडे होते, चांदीचे चमचे-काटे, सपाता, साबण, पुस्तकं आणि सुमारे चाळीस पौंड चॉकलेट होतं. त्या नावेचं तोंड दक्षिणेकडे नव्हतं, जहाजांच्या दिशेने होतं. म्हणजे काही जण परत फिरले होते. त्यांच्यातल्या कोणी जहाज पुन्हा चालवलं का, यावर अभ्यासक आजही भांडतात.

९. जहाजं नेमकी तिथेच का अडकली? दुसरी वाट नव्हती का?

होती, पण नकाशावर ती बंद दाखवलेली होती. किंग विल्यम हे बेट नसून मुख्य भूमीला जोडलेला भाग आहे अशी तेव्हाची समजूत होती. पूर्वेकडून गेल्यास पुढे वाट संपेल असं वाटून जहाजं पश्चिमेकडून गेली. पश्चिमेला मॅक्लिंटॉक खाडीतून जुना, वर्षानुवर्षं न वितळलेला जाड बर्फ वरून सतत खाली सरकत येतो आणि या बेटाच्या किनाऱ्यावर साचतो. दोन्ही जहाजं त्या जात्यात सापडली.

पूर्वेकडची अरुंद सामुद्रधुनी १८५४ मध्ये प्रवासी जॉन रे याने पाहिली. तिला आज त्याचंच नाव आहे. ॲमुंडसेन पुढे पार झाला तो याच वाटेने (प्रश्न १७).

१०. कुठे १३४ माणसं लिहिलेली दिसतात, कुठे १२९, कुठे १०५. खरा आकडा कोणता?

तिन्ही खरे आहेत, वेळ वेगळी आहे. इंग्लंडहून निघाले १३४. ग्रीनलंडला पाच जणांना परत पाठवलं, म्हणून पुढे गेले १२९. त्यातले २४ जण एप्रिल १८४८ पर्यंत मेले, म्हणून जहाजं सोडून चालू लागले १०५.

११. चिठ्ठीतल्या तारखा जुळत नाहीत असं वाचलं. चिठ्ठी बनावट आहे का?

बनावट नाही. बीची बेटावरचा हिवाळा तिच्यात १८४६-४७ चा लिहिला आहे, तो १८४५-४६ असायला हवा होता. बीचीवरच्या तीन थडग्यांवरच्या तारखांनी हे पक्कं होतं: जॉन टॉरिंग्टन १ जानेवारी १८४६, जॉन हार्टनेल ४ जानेवारी १८४६, विल्यम ब्रेन ३ एप्रिल १८४६. शिवाय चिठ्ठी स्वतःच सांगते की सप्टेंबर १८४६ मध्ये जहाजं किंग विल्यम बेटाजवळ अडकली. लिहिणाऱ्याच्या हातून वर्ष चुकलं, एवढंच. यावरून शिशाने डोकं बिघडल्याचा निष्कर्ष काढणं मला अजिबात पटत नाही.

१२. ते डब्यातल्या शिशाने मेले, हे सिद्ध झालं आहे ना?

नाही, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. १९८४ आणि १९८६ मध्ये ओवेन बीटी या कॅनडातल्या मानवशास्त्रज्ञाने बीचीवरची तीन थडगी उघडली. गोठलेल्या जमिनीत देह जवळजवळ जसेच्या तसे राहिले होते. टॉरिंग्टनचे अर्धवट उघडे डोळे असलेला तो फोटो जगभर गेला. केसांत आणि हाडांत शिशाचं प्रमाण खूप जास्त आढळलं, आणि डब्यांच्या डाखावर बोट ठेवलं गेलं.

नंतर शंका येत गेल्या. त्या काळच्या इंग्लंडमध्ये शिशाचे नळ, शिशाचे रंग, शिशाचा मुलामा असलेली भांडी सर्रास होती. त्यामुळे निघण्याआधीच शरीरात बरंच शिसं असणार. हार्टनेलच्या नखाच्या तपासणीत असं दिसलं की शिसं शेवटच्या काही आठवड्यांत वाढलं. त्याआधी बरेच महिने मात्र त्याला जस्ताची तीव्र कमतरता होती, जी ताज्या मांसाच्या अभावी येते आणि रोगाशी लढण्याची ताकद घालवते. क्षयानेही या मंडळींना ग्रासलेलं होतं.

एकच कारण शोधण्याचा हट्ट इथे सोडायला हवा. तीन हिवाळे, निकृष्ट अन्न, स्कर्व्ही, क्षय, थंडी, आणि शेवटी शेकडो मैल नाव ओढण्याची मजुरी. यातलं कुठलंही एक कारण काढून टाकलं तरी १०५ माणसांचं पोट भरण्याचा प्रश्न सुटत नव्हता (प्रश्न १४).

१३. त्यांनी माणसाचं मांस खाल्लं हे खरं का? विचारायला कसंतरी वाटतं.

खरं आहे, आणि विचारण्यात काही गैर नाही.

१८५४ मध्ये हडसन बे कंपनीचा डॉक्टर आणि प्रवासी जॉन रे याला पेली उपसागराजवळ इनुइट भेटले. चाळीसेक गोरे लोक दक्षिणेकडे जाताना उपासमारीने मेले आणि त्यांच्या भांड्यांत माणसाचं मांस होतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडून रेने अधिकाऱ्यांच्या वस्तू विकत घेतल्या, त्यात फ्रँकलिनचं मानचिन्हही होतं. रेचा अहवाल लंडनच्या वर्तमानपत्रांत छापला गेला आणि गहजब झाला. लेडी फ्रँकलिन संतापली. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात लेख लिहून इनुइट लोकांना खोटारडे ठरवलं, इतकंच नव्हे तर त्यांनीच खलाशांना मारलं असावं असंही सुचवलं. ज्यांनी बातमी दिली त्यांच्यावरच खुनाचा आळ आला. रेला १०,००० पौंडांचं बक्षीस मिळालं, पण त्याच्या तोलाच्या इतर प्रवाशांना मिळालेला ‘सर’ हा किताब त्याला कधीच मिळाला नाही.

पुढे सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा दिसल्या. १९९७ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये डीएनए जुळवून एक जबड्याचं हाड ओळखलं गेलं. ते जेम्स फिट्झजेम्सचं निघालं आणि त्यावर कापल्याच्या खुणा होत्या. उपासमारीच्या टोकाला पोहोचलेल्या माणसांवर न्यायनिवाडा करण्याचा हक्क मला माझ्याकडे वाटत नाही. पण इनुइटांनी पहिल्या दिवसापासून खरं सांगितलं होतं, हे मात्र दीडशे वर्षं उशिरा का होईना, स्वच्छ शब्दांत म्हणायलाच हवं.

१४. इनुइट तिथेच राहत होते. मग त्यांनी मदत का केली नाही?

केली. किंग विल्यम बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर काही कुटुंबांची या माणसांशी गाठ पडली. ज्याला ते ‘अग्लूका’ म्हणत त्या म्होरक्याने, बहुधा क्रोझियरने, खुणा करून सीलचं मांस मागितलं. त्यांनी दिलं. नंतर ती कुटुंबं निघून गेली, कारण इतकी माणसं पोसण्याइतकं त्यांच्याजवळ नव्हतं.

तिथली शिकार कशी असते ते पाहा. हिवाळ्यात बर्फावर सीलचं श्वास घ्यायचं भोक कुत्र्यांच्या नाकाने हुडकायचं, त्यापाशी तासन् तास निश्चल उभं राहायचं आणि भाल्याचा एकच घाव नेमका घालायचा. अशा शिकारीवर चार-सहा कुटुंबांचा गट जगतो, तोही जागा बदलत. ताजं आणि कच्चं मांस, चरबी, देवमाशाची साल यांतून त्यांना क जीवनसत्त्व मिळतं, म्हणून त्यांना स्कर्व्ही होत नाही. ही विद्या लहानपणापासून अंगात मुरवावी लागते. आजारी पडलेल्या १०५ खलाशांना ती आठवड्याभरात शिकवणं कोणालाही शक्य नव्हतं. शिवाय जहाजं सोडली तो वायव्य किनारा शिकारीला इतका वाईट की इनुइट तिकडे क्वचितच फिरकत.

चूक असेल तर ती आधीची आहे. जॉन रे दोन-चार माणसांनिशी निघे, बर्फाची घरं बांधायला शिकला होता, शिकार करून खाई. आरमाराची रीत याच्या उलट होती: मोठं जहाज, मोठा फौजफाटा, लोकरीचे गणवेश, स्लेज ओढायला कुत्र्यांऐवजी माणसं.

१५. शोध घ्यायला एवढा उशीर का झाला?

जुना दर्यावर्दी जॉन रॉस १८४७ मध्येच आरमाराच्या मागे लागला होता. पण तीन वर्षांचा शिधा बरोबर आहे, काळजी नको, असं उत्तर मिळालं. पहिल्या शोधमोहिमा १८४८ मध्ये निघाल्या. त्या एप्रिलमध्ये दोन्ही कप्तान अजून जिवंत होते, पण त्यांना गाठायला आता फार कमी वेळ उरला होता.

नंतर मात्र रीघ लागली. २०,००० पौंडांचं बक्षीस जाहीर झालं आणि १८५० मध्ये एकाच मोसमात डझनभर जहाजं त्या पाण्यात होती. ऑगस्टमध्ये बीचीवरची थडगी आणि खडीने भरलेल्या शेकडो रिकाम्या डब्यांचा ढीग सापडला, पण पुढे कुठे जातो याची चिठ्ठी तिथे नव्हती. त्यामुळे शोध चुकीच्या दिशेला, उत्तरेला वळला. ३१ मार्च १८५४ पासून आरमाराने सगळ्यांची नावं यादीतून काढून टाकली. लेडी फ्रँकलिनने ते मानलं नाही. तिने ‘फॉक्स’ नावाची छोटी वाफेची नौका घेऊन लिओपोल्ड मॅक्लिंटॉकला पाठवलं आणि चिठ्ठी सापडली ती त्या सफरीत (प्रश्न ८). तिच्या जिद्दीशिवाय आपल्याला आज यातलं निम्मंही कळलं नसतं. आणि रेवर अन्याय झाला तोही बऱ्याच अंशी तिच्यामुळेच, हेही तितकंच खरं.

१६. जहाजं अखेर कशी सापडली?

जिथे आहेत असं इनुइट सांगत होते तिथेच.

१८६९ मध्ये अमेरिकन प्रवासी चार्ल्स फ्रान्सिस हॉल किंग विल्यम बेटावर पोहोचला. एबिएरबिंग आणि टुकूलिटो हे इनुइट जोडपं त्याचं दुभाषी होतं. त्याने गोळा केलेल्या साक्षींत एक जहाज दक्षिणेला उटजुलिकजवळ बुडाल्याचं पुन्हा पुन्हा येतं. १८७९ मध्ये पुह्टूराक नावाच्या वृद्ध इनुइटाने फ्रेडरिक श्वाट्का या अमेरिकन प्रवाशाला त्या जहाजाचं वर्णन सांगितलं: आत एका माणसाचा देह होता, लोकांनी बाजूला भोक पाडून आत प्रवेश केला आणि पुढे जहाज बुडालं.

सप्टेंबर २०१४ मध्ये ‘इरेबस’ त्याच परिसरात, अवघ्या ११ मीटर पाण्यात सापडली. जोआ हेवन या गावच्या लुई कामुकाक यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून या गोष्टी आयुष्यभर जमवल्या होत्या. शोधाची जागा ठरवताना त्या साठ्याचा मोठा आधार झाला. २०१८ मध्ये ते वारले.

‘टेरर’ सप्टेंबर २०१६ मध्ये सापडली. सॅमी कॉगविक या इनुइट माणसाने काही वर्षांपूर्वी टेरर बे नावाच्या उपसागरात बर्फातून वर आलेली डोलकाठीसारखी काठी पाहिली होती. त्याने ते शोधपथकाला सांगितलं, जहाज तिकडे वळलं आणि सुमारे २४ मीटर खोल ‘टेरर’ जवळजवळ अख्खी मिळाली. २०१९ मध्ये कॅमेरे आत गेले तेव्हा फळ्यांवर ताटल्या आणि बाटल्या मांडलेल्या दिसल्या. फ्रँकलिनचं थडगं मात्र आजवर सापडलेलं नाही.

१७. मग वायव्य मार्ग पहिल्यांदा कोणी पार केला?

‘पार केला’ म्हणजे काय धरता त्यावर उत्तर अवलंबून आहे.

फ्रँकलिनची माणसं चालत पोहोचली तिथे मार्गाचा एक दुवा पुरा होतो, म्हणून त्यांच्या चाहत्यांनी मान त्यांना दिला. रॉबर्ट मॅक्लूर शोधमोहिमेवर पॅसिफिकच्या बाजूने आला. त्याचं ‘इन्व्हेस्टिगेटर’ १८५१ मध्ये बँक्स बेटाच्या मर्सी उपसागरात अडकलं. १८५३ मध्ये पूर्वेकडून आलेल्या पथकाने त्याची सुटका केली आणि तो बर्फावरून चालत, मग दुसऱ्या जहाजाने इंग्लंडला पोहोचला. अमेरिका खंडाच्या डोक्यावरून आरपार गेलेली ही पहिली माणसं, पण एकाच जहाजाने नव्हे. एकाच नौकेने अखेरपर्यंत जाणारा पहिला म्हणजे नॉर्वेचा रोआल्ड ॲमुंडसेन, ‘योआ’ या छोट्या मासेमारी नौकेतून, १९०३ ते १९०६. त्याने सहा साथीदार घेतले आणि किंग विल्यम बेटावर दोन हिवाळे नेटसिलिक इनुइटांकडून कपडे, कुत्रे आणि बर्फघरं शिकण्यात घालवले. पुढे दक्षिण ध्रुवावर त्याला हेच ज्ञान उपयोगी पडलं.

१८. या सगळ्याचा मुंबई-गोव्याशी काही संबंध आहे का?

एक धागा आहे आणि तो सागाच्या लाकडाचा आहे. जेम्स फिट्झजेम्स पहिल्या अफूच्या युद्धात ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर तोफखान्याचा अधिकारी होता. ती १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधली होती. १८४२ मध्ये नानकिंगचा तह याच नौकेवर झाला. त्याच मोहिमेत झेनजियांगच्या लढाईत फिट्झजेम्सला गोळी लागली होती. वाडियांनी बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे १८१७ चं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. त्या काळची नौका आत कशी असे हे पाहायचं असेल तर ते जरूर पाहावं.

गोव्याचा संबंध या मोहिमेशी नाही, ध्रुवांशी आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली आणि ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्कोला आहे.

१९. ही जहाजं पाहायला जाता येतं का?

बुडी मारायला नाही. दोन्ही ठिकाणं संरक्षित आहेत, परवानगीशिवाय प्रवेश नाही आणि उन्हाळ्यात इनुइट रक्षक तिथे पहाऱ्याला असतात. ब्रिटनने २०१८ मध्ये जहाजांची मालकी कॅनडाला दिली आणि वस्तूंचा सांभाळ कॅनडाचं उद्यान खातं आणि इनुइट मिळून करतात. पाणबुडे दरवर्षी काही आठवडेच काम करू शकतात, कारण मोकळं पाणी तेवढंच मिळतं.

किंग विल्यम बेटावरचं एकमेव गाव जोआ हेवन. तिथे विमानाने पोहोचता येतं आणि नाटिलिक वारसा केंद्रात या इतिहासाची इनुइट बाजू पाहायला मिळते. बीचीवरच्या थडग्यांपाशी उन्हाळ्यात पर्यटकांची जहाजं थांबतात. मूळ लाकडी फलक सुरक्षित ठेवण्यासाठी हलवले आहेत, तिथे आता प्रतिकृती आहेत. आरमाराची ती चिठ्ठी आणि मॅक्लिंटॉकने आणलेल्या बऱ्याच वस्तू लंडनमध्ये ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत.